पायांच्या आरोग्याची प्रश्नावली स्पॅनिशमध्ये नेताना: भाषांतर ते प्रमाणीकरण, क्रमाने

फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रबंधांमध्ये एक घोटाळा पुन्हा पुन्हा दिसतो. प्रश्नावलीचं भाषांतर एका बैठकीत उरकलेलं असतं, लगेच शंभर-दीडशे रुग्णांकडून ती भरून घेतलेली असते आणि क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा) ०.८९ आला म्हणून ‘आवृत्ती प्रमाणित झाली’ असं लिहून मोकळं झालेलं असतं. पण अल्फाला भाषा कळत नाही. सगळ्या रुग्णांनी प्रश्न एकाच चुकीच्या अर्थाने वाचला, तरी अल्फा छानच येतो. सुरुवातीची चूक शेवटच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होत नाही, म्हणून इथे टप्प्यांच्या क्रमावर भर दिला आहे.

उदाहरणासाठी फूट हेल्थ स्टेटस क्वेश्चनेअर, म्हणजे एफएचएसक्यू घेतो. पॉल बेनेट आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली ही ऑस्ट्रेलियन प्रश्नावली. मुख्य भागात १३ प्रश्न आणि चार गट: वेदना ४, कार्यक्षमता ४, पादत्राणं ३ आणि पावलांचं एकूण आरोग्य २. प्रत्येक गटाला ० ते १०० गुण, आणि १०० म्हणजे उत्तम. खाली दिलेल्या स्पॅनिश शब्दांच्या अडचणी मी समजावण्यापुरत्या घेतल्या आहेत, प्रकाशित स्पॅनिश आवृत्तीवरची ती टीका नाही.

टप्पा १: भाषांतर हवंच आहे का, आणि कुठल्या स्पॅनिशमध्ये?

आधी शोध घ्या. एफएचएसक्यूची स्पॅनिश आवृत्ती २०१३ साली मालागाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली, आणि मूळ कर्ते बेनेट त्या लेखाचे सहलेखक आहेत. फूट फंक्शन इंडेक्स (१९९१, २३ प्रश्न) आणि मँचेस्टरची पाऊलदुखी प्रश्नावली (२०००) यांच्याही स्पॅनिश आवृत्त्या आहेत. तुमचे रुग्ण स्पेनमधले असतील तर नवं भाषांतर करायचं कारण नाही. परवानगी घ्या आणि आहे ती वापरा. एकाच प्रश्नावलीच्या दोन स्पॅनिश आवृत्त्या फिरू लागल्या की दोन अभ्यासांचे गुण शेजारी ठेवता येत नाहीत.

रुग्ण मेक्सिकोचे, अर्जेंटिनाचे किंवा अमेरिकेत स्थायिक झालेले स्पॅनिशभाषक असतील तर गोष्ट वेगळी. तिथे इंग्रजीपासून पुन्हा सुरुवात करू नका. आहे ती स्पॅनिश आवृत्ती घेऊन तिचं स्थानिक रूपांतर करा. पादत्राणांचाच गट बघा. ‘सापातियास’ म्हटलं की स्पेनमध्ये खेळाचे बूट किंवा घरातल्या सपाता डोळ्यांपुढे येतात, मेक्सिकोत मात्र बायकांच्या टाचेच्या चपला. प्रश्नाखाली उदाहरण म्हणून हा शब्द पडला, तर दोन देशांतले रुग्ण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतील. संबोधनाचंही तसंच. वयस्कर रुग्णाला आदरार्थी ‘उस्तेद’ म्हणायचं हे बहुतेक ठिकाणी चालतं, जवळिकीची ‘तू’ आणि ‘बोस’ मात्र देशागणिक बदलतात.

सावध: ‘सगळ्यांना चालेल अशी तटस्थ स्पॅनिश’ हा शब्दप्रयोग प्रस्तावात फार सहज लिहिला जातो. तशी आवृत्ती करता येते, पण मग प्रत्येक देशात टप्पा ६, म्हणजे रुग्णांच्या मुलाखती, वेगळा करावा लागतो. तेवढा पैसा नसेल तर एकच देश निवडा आणि तसं स्पष्ट लिहा.

टप्पा २: परवानगी आणि संकल्पना-टिपण

हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कुठली आवृत्ती, कुठल्या देशासाठी, शब्द बदलायची मुभा किती, आणि गुण काढायची पद्धत कोण पुरवणार. ‘इंटरनेटवर पीडीएफ मिळाली’ याला परवानगी म्हणत नाहीत.

त्याच पत्रव्यवहारात मूळ कर्त्यांकडून प्रत्येक प्रश्नाचा हेतू विचारून घ्या. या टिपणाला कुणी वेळ देत नाही, आणि पुढची निम्मी भांडणं त्यापायीच होतात. वेदनेच्या गटात एक प्रश्न ठसठसणाऱ्या, मंद दुखण्याचा आहे आणि दुसरा तीव्र, टोचणाऱ्या कळेचा. स्पॅनिशमध्ये ‘दोलोर’ (दुखणं) दोन्हीकडे बसतो. पहिल्यासाठी ‘मोलेस्तिआ’ वापरलं की दुखणं उतरून नुसता त्रास किंवा अस्वस्थपणा उरतो. मूळ प्रश्नाला वेदनेचा प्रकार मोजायचा आहे की तीव्रता, हे टिपणात लिहिलेलं असेल तर टप्पा ५ च्या समितीत तासभर वाद होत नाही.

तपासा: १३ प्रश्न आणि प्रत्येक पर्यायसंच यांसमोर एकेक ओळीचा हेतू लिहिलेला आहे का? एकही रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: दोन स्वतंत्र भाषांतरं, मग एक मसुदा

डॉर्कास बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेला प्रश्नावली-भाषांतराचा क्रम अजूनही सर्वाधिक वापरला जातो, आणि तो नीट पाळला तर पुरेसा आहे. दोन भाषांतरकार हवेत, दोघांची मातृभाषा स्पॅनिश. एकाला विषय माहीत असावा, म्हणजे शक्यतो पोदोलोगो, पावलांच्या आजारांचा तज्ज्ञ. स्पेनमध्ये त्यासाठी स्वतंत्र विद्यापीठीय पदवी आहे. दुसऱ्याला विषय अजिबात माहीत नसावा आणि प्रश्नावली काय मोजते हेही सांगू नये. पहिला वैद्यकीय अर्थ सांभाळतो, दुसरा रस्त्यावरची भाषा आणतो.

इथे आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट. पुण्यात स्पॅनिश शिकून उत्तम भाषांतर करणारे पुष्कळ आहेत, आणि अशी कामं त्यांच्याकडे येतातही. तरी या टप्प्यावर त्यांनी नको म्हणावं. भाषा किती चांगली येते हा मुद्दा नाही. जन्मापासून त्या भाषेत दुखणं सांगितलेल्या माणसालाच कुठलं वाक्य कानाला खटकतं ते कळतं. समन्वय, टिपणं, मसुद्यांची तुलना ही कामं मात्र त्यांनी जरूर घ्यावीत.

दोघांनी प्रत्येक प्रश्नासमोर ‘अवघड वाटलेलं’ आणि ‘सोडून दिलेला पर्याय’ लिहायचं. नंतर दोघं आणि एक समन्वयक बसून एक मसुदा करतात. मतदान करू नका. कुठला शब्द का निवडला याची नोंद ठेवा.

टप्पा ४: उलट भाषांतर, आणि त्याची मर्यादा

मसुदा दोघांकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या. दोघांची मातृभाषा इंग्रजी असावी, दोघांनी मूळ प्रश्नावली पाहिलेली नसावी आणि शक्यतो वैद्यकीय पार्श्वभूमीही नसावी. जाणकार माणूस वाकडं वाक्य नकळत सरळ करून टाकतो.

उलट भाषांतर जुळलं म्हणजे भाषांतर बरोबर, ही या कामातली सर्वात महागडी समजूत. पादत्राणांच्या गटात ‘मला घालता येतील अशा बुटांची संख्या मर्यादित आहे’ अशा अर्थाचं विधान आहे. स्पॅनिशमध्ये शब्दशः ‘नूमेरो दे सापातोस’ लिहिलं, तर उलट भाषांतरात मूळ इंग्रजी शब्द हुबेहूब परत येतो आणि सगळे खूश होतात. पण स्पेनमध्ये बुटाच्या बाबतीत ‘नूमेरो’ म्हणजे माप. दुकानदार हाच शब्द वापरून तुमचं माप विचारतो. म्हणजे रुग्ण मापाबद्दल उत्तर देणार, आणि उलट भाषांतर ते कधीच दाखवणार नाही.

सावध: उलट भाषांतर न जुळणं ही धोक्याची खूण आहे. जुळणं म्हणजे हिरवा कंदील नव्हे.

टप्पा ५: तज्ज्ञ समिती

चारही भाषांतरकार, एक पोदोलोगो किंवा फिजिओथेरपिस्ट, एक संशोधनपद्धतीचा जाणकार आणि एक भाषेचा माणूस. जमलं तर एक रुग्णही बसवा, त्याचा उपयोग इतर दोन तज्ज्ञांपेक्षा जास्त होतो. मूळ कर्ते ईमेलवर उपलब्ध असले तरी पुरे.

प्रत्येक प्रश्न चार अंगांनी तपासायचा: शब्दार्थ जुळतो का, वाक्प्रचार जुळतो का, तो अनुभव त्या समाजात खरंच येतो का, आणि संकल्पना तीच राहते का. तिसऱ्या अंगाचं उदाहरण फूट फंक्शन इंडेक्समध्ये आहे. चार ‘ब्लॉक’ चालण्यातली अडचण तिथे विचारली आहे. लॅटिन अमेरिकेत ‘क्वाद्रा’ म्हटलं की शहरी माणसाला अंतर बरोबर कळतं, खेड्यातल्याला नाही. तिथे मीटर किंवा मिनिटं द्यायची का, याचा निर्णय मूळ कर्त्यांशी बोलून घ्या, एकट्याने नको.

उत्तरांच्या पर्यायांना प्रश्नांइतकाच वेळ द्या. इथे हमखास घाई होते. ‘सेवेरो’ हा शब्द डॉक्टरांच्या बोलण्यात इंग्रजीवरून आला आहे, एरवी स्पॅनिशमध्ये तो कडक, कठोर माणसाला लावतात. दुखण्यासाठी ‘इन्तेन्सो’ साधा आणि स्पष्ट.

तपासा: पाचही पर्याय पाच कार्डांवर लिहा, पिसा आणि प्रकल्पाशी संबंध नसलेल्या दहा जणांना कमीपासून जास्तपर्यंत लावायला सांगा. दोन कार्डांची अदलाबदल वारंवार झाली तर ती श्रेणी मोडलेली आहे. वारंवारितेच्या शब्दांमध्ये, म्हणजे ‘बऱ्याचदा’ आणि ‘खूपदा’ यांच्यामध्ये, हे सर्रास होतं.

टप्पा ६: रुग्णांसोबत मुलाखती

वेळ आणि पैसा कमी पडला की पहिली कात्री या टप्प्यावर चालते. तसं करायचं असेल तर संपूर्ण प्रकल्पच थांबवलेला बरा.

बीटन यांच्या क्रमात इथे ३० ते ४० माणसं सुचवलेली आहेत, इतर काही मार्गदर्शक सूचना ५ ते ८ सखोल मुलाखतींवर समाधान मानतात. माझं मत: पाच-सहा जणांच्या फेऱ्या करा, प्रत्येक फेरीनंतर मजकूर सुधारा, आणि नवी अडचण निघेनाशी झाली की थांबा. माणसं निवडताना कमी शिकलेले, सत्तरीपुढचे आणि दिवसभर उभं राहून काम करणारे मुद्दाम घ्या. विद्यापीठाच्या आवारातले विद्यार्थी घेतले तर सगळं ‘समजलं’ असंच येणार.

‘प्रश्न समजला का?’ असं विचारू नका. कुठल्याही देशात पांढऱ्या कोटासमोर याचं उत्तर ‘हो, हो’ असंच मिळतं. त्याऐवजी असं करा:

रुग्णाला प्रश्न मोठ्याने वाचू द्या, मग तो स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. उत्तर निवडल्यावर ‘हाच पर्याय का?’ विचारा. ‘गेल्या आठवड्यात’ म्हणजे कुठल्या दिवसापासून मोजलंत, हेही विचारा. कुणी चालू सोमवारपासून धरतं, कुणी मागचे सात दिवस धरतं.

पावलाला ‘बसणाऱ्या’ बुटांचं विधान घ्या. स्पॅनिशमध्ये सहज लिहिलं जाणारं रूप ‘मे केदेन बिएन’. त्याचा अर्थ मापाला बसणं असाही होतो आणि शोभून दिसणं असाही. पायाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेली बाई सांगते की बूट मिळायला तिला काहीच त्रास नाही. बोलतं केल्यावर कळतं, की शोभणारे बूट भरपूर मिळतात, घालता मात्र एकही येत नाही. कागदावर तिची नोंद ‘अडचण नाही’ अशी झाली असती. ‘के से आहुस्तेन आ मिस पिएस’ (माझ्या पावलांच्या मापाला बसतील असे) असं लिहिलं की वाक्य थोडं जड होतं, पण अर्थ एकच उरतो.

‘न दुखवणारे बूट शोधणं कठीण जातं’ अशा नकार पोटात असलेल्या विधानांवर जास्त लक्ष ठेवा. सहमत म्हणजे वाईट, हे घाईत उलटं होतं.

मराठीत हीच प्रश्नावली आणू पाहणाऱ्यांना इथे एक जादा अडचण आहे. स्पॅनिशमध्ये ‘पिए’ म्हणजे घोट्याखालचं पाऊल आणि ‘पिएर्ना’ म्हणजे वरचा पाय. आपल्याकडे दोन्ही ‘पाय’. ‘तुमचे पाय दुखतात का’ विचारलं तर गुडघेदुखीचा रुग्णही हो म्हणेल. पानाच्या माथ्यावर घोट्याखालचा भाग रंगवलेलं चित्र द्या आणि मजकुरात ‘पाऊल’ लिहा, तेही मुलाखतींत तपासून.

तपासा: शेवटच्या फेरीत कुठल्याही प्रश्नाचा अर्थ एकापेक्षा जास्त जणांनी चुकीचा सांगितला का? तसं असेल तर तो प्रश्न टप्पा ५ कडे परत. मजकूर गोठवल्यावर मात्र एक स्वल्पविरामही बदलायचा नाही.

टप्पा ७: रुग्ण कोण, किती आणि कधी

माहिती गोळा करण्याआधी नैतिक समितीची मंजुरी हवी. स्पेनमध्ये काम असेल तर युरोपीय माहिती-संरक्षण नियमांनुसार संमतीपत्रकही हवं.

संख्या: घटक विश्लेषणासाठी (प्रश्न खरंच ठरलेल्या गटांत बसतात का हे तपासणारी आकडेमोड) प्रश्नसंख्येच्या सातपट आणि किमान १०० हा किमान निकष. १३ प्रश्नांची सातपट ९१ होते, म्हणून १०० लागतात. मी २०० खाली जाऊ नका म्हणेन, कारण अर्धवट भरलेले फॉर्म त्यातूनच वजा होतात. पुनर्चाचणीसाठी, म्हणजे त्याच रुग्णांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घेण्यासाठी, किमान ५० स्थिर रुग्ण.

विविधता संख्येपेक्षा महत्त्वाची. टाचदुखी, अंगठ्याचं वाढलेलं हाड, संधिवात, घट्टे, वयोमानाच्या तक्रारी असे सगळे घ्या. निरोगी स्वयंसेवक भरले की सगळे गुण १०० च्या आसपास गोळा होतात. १५ टक्क्यांहून जास्त लोक सर्वोच्च किंवा सर्वात खालच्या गुणावर बसले, तर त्या गटात बदल मोजायला जागाच उरत नाही.

सावध: मधुमेही रुग्ण जरूर घ्या, पण त्यांचं विश्लेषण वेगळंही करा. नसा बधिर झालेल्या माणसाला तळपायावर जखम असूनही दुखत नाही. त्याचा वेदनेचा गुण १०० येतो आणि पाऊल मात्र धोक्यात असतं.

पुनर्चाचणीचं अंतर ठरवताना प्रश्नावलीचा कालावधी बघा. प्रश्न ‘गेल्या आठवड्या’चे असतील आणि तुम्ही तीन दिवसांनी पुन्हा विचारलं, तर दोन्ही उत्तरांत तेच दिवस येतात आणि विश्वासार्हता फुगते. ८ ते १४ दिवस ठीक. मधल्या काळात उपचार सुरू होता कामा नये. दुसऱ्या वेळी एक जादा प्रश्न विचारा: ‘मागच्या वेळेपेक्षा पावलं बरी, तशीच की वाईट?’ ‘तशीच’ म्हणणाऱ्यांचीच आकडेमोड करा. पहिल्यांदा दवाखान्यात कागदावर आणि दुसऱ्यांदा फोनवर, असा प्रकार टाळा.

टप्पा ८: आकडेमोड, याच क्रमाने

सर्वात आधी गुण काढायची सोय तपासा. एक बनावट फॉर्म सगळी उत्तरं उत्तम ठेवून भरा, एक सगळी वाईट ठेवून. १०० आणि ० आलंच पाहिजे. एखाद्या प्रश्नाची दिशा उलटी नोंदवली गेली असेल तर इथेच सापडते.

मग रिकाम्या जागा. एखादा प्रश्न बाकीच्यांपेक्षा जास्त लोकांनी सोडला असेल तर तो खटकतो आहे किंवा लागू होत नाही.

त्यानंतर रचना. मूळ चार गट माहीत आहेत, म्हणून पुष्टीकारक घटक विश्लेषण करा. पाच पर्यायांची उत्तरं क्रमवार असतात, त्यांना सलग आकडे समजू नका. पॉलिकोरिक सहसंबंध (क्रमवार उत्तरांसाठीचा) आणि त्याला साजेशी अंदाजपद्धत वापरा. रचना माहितीशी किती जुळते हे दाखवणारे दोन निर्देशांक बघा: सीएफआय ०.९५ च्या वर आणि आरएमएसईए ०.०६ च्या खाली हे नेहमीचे निकष. न जुळल्यास त्याच माहितीवर नवी रचना शोधून तिचीच ‘पुष्टी’ करू नका.

अल्फा रचनेनंतर, आणि गटागटाचा. ०.७० ते ०.९५ ठीक, त्यावर गेला तर प्रश्न एकमेकांचे प्रतिध्वनी आहेत. चार गट मिसळून १३ प्रश्नांचा एक अल्फा देणं निरर्थक. शेवटच्या गटात दोनच प्रश्न आहेत, तिथे अल्फाऐवजी स्पिअरमन-ब्राउन गुणांक द्या.

पुनर्चाचणीला आयसीसी, म्हणजे दोन्ही वेळच्या गुणांतली संपूर्ण सहमती मोजणारा गुणांक, ०.७० किंवा जास्त. पिअरसनचा सहसंबंध नको. सगळ्यांनी दुसऱ्या वेळी बरोबर पाच गुण जास्त दिले तरी पिअरसन १ च राहतो.

आयसीसीवर थांबू नका. समजा प्रमाण विचलन २० आणि आयसीसी ०.९० आला. मापनाची प्रमाण त्रुटी २० गुणिले ०.१ चं वर्गमूळ, म्हणजे ६.३. तिला २.७७ ने गुणलं की १७.५. अर्थ असा, की एका रुग्णाचा गुण १२ ने सुधारला तर तो बदल खरा की मापनातला चढउतार, हे सांगता येत नाही. दवाखान्यातल्या माणसाला हाच आकडा लागतो, आणि बहुतेक प्रबंधांत तोच नसतो.

शेवटी रचनावैधता, म्हणजे प्रश्नावली जे मोजायचं तेच मोजते का. गृहीतकं माहिती गोळा करण्याआधी लिहून तारखेसह ठेवा, आणि किमान ७५ टक्के खरी ठरली पाहिजेत. दिशा सांभाळा: एफएचएसक्यूमध्ये जास्त गुण म्हणजे चांगलं, फूट फंक्शन इंडेक्समध्ये जास्त म्हणजे वाईट. दोघांच्या वेदना गटांत सहसंबंध ऋण आणि भक्कम हवा. तो धन आला तर आनंदून जाऊ नका, कुठेतरी गुण उलटे लागले आहेत. एखादं ‘संबंध नसावा’ असं गृहीतकही घाला, उदाहरणार्थ मानसिक आरोग्याच्या गुणाशी कमजोर संबंध. सगळ्याचाच सगळ्याशी संबंध निघत असेल तर प्रश्नावली पावलांचं आरोग्य मोजत नाही, माणसाचा मूड मोजते.

टप्पा ९: अहवाल आणि सुपूर्दगी

‘स्पॅनिश आवृत्ती’ एवढंच लिहू नका. देश, आजार, वयोगट आणि भरण्याची पद्धत लिहा: कागदावर, स्वतः, दवाखान्यात. मोबाइलवर नेणार असाल तर प्रश्नांचा क्रम आणि पर्यायांची मांडणी बदलते, त्याची चाचणी वेगळी. उपचारानंतरचा बदल टिपण्याची क्षमता तपासली नसेल तर तसं स्पष्ट म्हणा.

मूळ कर्त्यांना दोन्ही भाषांतरं, मसुदा, उलट भाषांतरं, समितीचं इतिवृत्त आणि मुलाखतींचा गोषवारा पाठवा. छापील प्रतीच्या तळाशी देश, आवृत्ती क्रमांक आणि महिना-वर्ष टाका. नाहीतर वर्षभरात कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधला टप्पा ३ चा मसुदा झेरॉक्स होऊन ओपीडीत पोहोचतो.